थांब रं, जिन्यात हाय

आधी माझी चूक सांगतो. ती शेवटाला ठेवली तर तोवर तुम्ही मला बरा माणूस समजून वाचत राहाल, आणि ते योग्य होणार नाही. आमच्या सोसायटीतल्या आक्कांना, सकाळी गॅलरीत येऊ नका, हाका मारू नका, असं सांगणारा माणूस मी. हा कमिटीचा निर्णय आहे, असं मी त्यांना सांगितलं. कमिटीने असं काही ठरवलं नव्हतं. कमिटीला त्यातलं काही माहीतच नव्हतं.

आता आक्कांविषयी.

"मी बघत न्हाई बाबा. मला दिसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना त्या दोन्ही हात एकमेकांवर झटकायच्या, भाकरी थापून झाल्यावर पीठ झटकतात तसे. म्हणजे विषय संपला. समोरच्याने काय ते समजून घ्यावं.

आमची इमारत पिंपळे गुरवमध्ये, आतल्या रस्त्याला आहे. चार मजले, लिफ्ट नाही. इमारत काटकोनात वळलेली आणि त्या कोपऱ्यात, पहिल्या मजल्यावर, आक्कांची गॅलरी. तिथून एका बाजूला गेट आणि रस्ता दिसतो, दुसऱ्या बाजूला जिना. जिन्याला प्रत्येक मजल्यावर सिमेंटची जाळी आहे. कोण उतरतंय, कोण चढतंय, कुणाच्या हातात काय आहे, हे त्या जाळ्यांतून फक्त त्या एका गॅलरीतून दिसतं. मी नंतर इमारतभर फिरून पाहिलं. दुसरीकडून कुठूनच दिसत नाही.

इमारत उभी आहे ती जमीन आक्कांच्या सासऱ्यांची. नवा भाडेकरू आला, की तो शेताच्या कोणत्या भागात राहायला आला आहे, ही पहिली माहिती आक्का द्यायच्या. "तू व्हय? तू मेथीत." "तुमचं पार्किंग म्हंजे आमची इहीर." हिंजवडीला नोकरी करणाऱ्या एका मुलीने घाबरून विचारलं, "आजी, विहीर नीट बुजवलीय ना?"

"बुजवली की. पर पाणी हाय अजून खाली. बिल्डरला ठावं न्हाई, त्याला कशाला सांगायचं?"

मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी वांग्यात.

त्या पहाटे चारला उठायच्या. गोठ्यातली जनावरं जाऊन वीस वर्षं झाली होती, उठायची वेळ मात्र गेली नव्हती. पाचला अंघोळ, मग गॅलरीत पाट, आणि पाटावर बसून पालेभाजी निवडणं. सून म्हणायची, "आई, निवडलेली मेथी मिळते आता पाकिटात." आक्का विचारायच्या, "मग मी काय निवडू?"

लोकांना त्यांचा त्रास होत असे, हेही सांगायला हवं. पार्सल घेऊन येणाऱ्याला त्या वरूनच विचारायच्या, "कुणाकडं? तिच्याकडं परवाच एक खोकं आलंय की." पाहुण्याला विचारायच्या, "कुणाचा कोण तू?" तुमच्या इमारतीतही अशी एक गॅलरी असेल, आणि तिच्याखालून जाताना तुम्हीही पिशवी दुसऱ्या हातात घेत असाल. सोसायटीच्या एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, "आपल्याकडे दोन कॅमेरे आहेत, पण कॅमेरा प्रश्न तरी विचारत नाही." सगळे हसले. मीही हसलो.

चौथ्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर एकटे राहतात. रोज सकाळी सातच्या आत त्यांचा पंचा गॅलरीत वाळत पडतो. एक दिवस साडेसात वाजता आक्कांनी वॉचमनला हाक मारली. "मास्तरांचा पंचा न्हाई आज. वर जाऊन बघ." वॉचमन कंटाळत गेला. मास्तर न्हाणीत पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, आवाज निघत नव्हता. पुढच्या बैठकीत आम्ही वॉचमनला शाल दिली. आक्कांचं नाव कुणाला सुचलं नाही. मी सेक्रेटरी, मलाही नाही. दोन दिवसांनी मी ओशाळून तसं म्हणालो तर त्या म्हणाल्या, "मला कशाला शाल? मी काय चार मजलं चढून गेले व्हय?"

त्यांच्या बघण्याचा सगळ्यात मोठा उपयोग आमच्या बसला होता.

मी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पहिल्या शिफ्टची बस सहाच्या सुमाराला आमच्या गेटसमोर येते. कंपनीच्या बसचा एक अलिखित नियम असतो. ड्रायव्हर कुणाला फोन करत नाही, हॉर्न वाजवत नाही. जो आला नाही त्याच्यासाठी कुणीतरी जबाबदारीने "येतोय" म्हणायचं. तसं म्हणणारा असेल तर बस दोन मिनिटं थांबते, नसेल तर निघते. एकदा खोटं "येतोय" म्हटलं, की त्या माणसाचा शब्द पुढे चालत नाही. आमच्या थांब्यावर "येतोय" म्हणणाऱ्या आक्का होत्या, ज्या त्या बसमध्ये कधी बसल्या नाहीत. त्यांचा शब्द खोटा ठरल्याचं मला आठवत नाही.

ज्याच्यासाठी त्या रोज बस थांबवायच्या तो बालाजी. मूळचा नांदेडकडचा, तिसऱ्या मजल्यावर राहायचा, आमच्याच कंपनीत डिस्पॅचला होता. बायको रेणुका, मुलगी सई, तेव्हा पहिलीत. रेणुका सकाळी दोन घरचे डबे करून द्यायची, तिचे हात पिठात, म्हणून सईच्या वेण्या बालाजी घालायचा. दोन वेण्या, रिबिनीसकट. सांगून पटणार नाही, पण आमच्या इमारतीत त्याच्याइतक्या घट्ट वेण्या कुणालाच जमत नव्हत्या. त्यात रोज उशीर.

"थांब रं, जिन्यात हाय!" आक्का ड्रायव्हरला वरून सांगायच्या. मग पुढचं सुरू व्हायचं. "दुसऱ्यावर आला... बूट घालतोय... आरं लेसी बशीत बांध की!... डबा इसरला, परत चालला वर... रेणुकानं दिला... आला, आला." जिन्यातून बालाजीचा आवाज यायचा, "यायलोय की आक्का, यायलोय!" सगळी बस हसायची. ड्रायव्हरमामा म्हणायचे, "आक्का, कंपनीनं तुम्हाला पगार द्यायला पाहिजे."

"दे म्हणावं. माजी शिफ्ट चारला सुरू हुती. दोन तास ओव्हरटाइम धर."

एकदा बालाजी वेळेच्या आधी खाली आला. आक्कांनी हातातली काडी थांबवून विचारलं, "का रं, आज एकच येनी घातलीस?"

"शाळेला सुट्टी हाय तिला."

"मग तिला झोपू दे आन् तू हितं भाजी निवड. बशीला येळ हाय."

आणि तो खरंच गॅलरीखाली उभा राहिला, आक्कांनी वरून जुडी टाकली, त्याने बस येईपर्यंत मेथी निवडून गेटाच्या कठड्यावर ठेवली.

आता माझा आक्कांवर राग का होता ते सांगतो. बायकोलाही हे मी बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. आधीच्या कंपनीने एकदा मला घरी बसवलं. मी घरी बोललो नाही. रोज गणवेश घालून, डबा घेऊन निघायचो आणि पवनेच्या काठी घाटावर बसायचो. डबा घशाखाली उतरत नसे. भरलेला डबा घरी नेला तर बायको विचारणार, म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर कुत्र्यांना घालून मग गेटात शिरायचो. तो कोपरा आक्कांच्या गॅलरीतून दिसतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. असे बावीस दिवस गेले. एका संध्याकाळी मी गॅलरीखालून जाताना त्या हळूच म्हणाल्या, "शेक्रेटरी, कुत्री जाड झाली रं. तू वाळलास."

मी वर पाहिलं नाही.

"लागंल नोकरी. डबा खात जा."

पुढच्या महिन्यात चाकणची नोकरी लागली. आक्कांनी त्या बावीस दिवसांबद्दल कुणाकडे चकार शब्द काढला नाही. पण मला तेव्हा एवढंच कळत होतं, की त्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून गेटातून आत येताना मी फोन उगाच कानाला लावू लागलो.

काही वर्षं गेली. एक दिवस दोन भाडेकरू मला जिन्यात भेटले. परदेशातल्या ऑफिसचं काम घरून करणारी पोरं, पहाटे झोपणारी. "सर, त्या आजींचं काहीतरी करा ना. भोंगाच आहे." मी म्हणालो, "बघतो." सेक्रेटरीने "बघतो" म्हणायचं आणि विसरायचं, अशीच पद्धत असते. गळकी टाकी, कबुतरं, पार्किंगची भांडणं, सगळं मी असंच विसरलो आहे. ही तक्रार विसरलो नाही. त्याच संध्याकाळी आक्कांकडे गेलो. घरी त्या एकट्याच होत्या.

"आक्का, कमिटीनं ठरवलंय. सकाळी सातच्या आत गॅलरीत बसायचं नाही. हाका मारायच्या नाहीत. लोकांची झोपमोड होते."

"कमिटीत कितीजण हायेत?"

"पाच."

"पाची जण म्हणाले?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, तेव्हाही त्यांना दिसलं होतं.

"बरं. कमिटी म्हणती तर न्हाई बसत. पर बशीला कोण सांगंल?"

"मी असतो ना बसमध्ये. मी सांगीन."

"तुला तिथनं जिना दिसत न्हाई."

"फोन करीन त्याला."

"करशील ना पर?"

"करतो म्हटलं ना आक्का."

त्या दिवशी त्यांनी हात झटकले नाहीत. जुडी उचलली आणि आत गेल्या.

पहिले तीन दिवस मी बालाजीला फोन केला, "येतोय" म्हणालो, बस थांबवली. मामांनी विचारलं, "आक्का आजारी हायेत का?" मी म्हणालो, "असतील." चौथ्या दिवशी आदल्या शिफ्टमध्ये नापास झालेल्या मालाबद्दल साहेबांचा मेसेज आला होता. मी मान खाली घालून उत्तर लिहीत होतो. मामांनी विचारलं, "तिसरा मजला येतोय का?"

मी वर न बघता म्हणालो, "सुट्टी असेल."

बस निघाली. वळणावर मी मान वळवली तर बालाजी गेटातून बाहेर आलेला दिसला. एका हातात डबा, दुसरा हात वर. मी "थांबा" म्हणायला हवं होतं. पण अर्ध्या मिनिटापूर्वी "सुट्टी असेल" मीच म्हणालो होतो. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. मला वाटलं, येईल मोटारसायकलवर. मोठा माणूस आहे.

तो मोटारसायकलवरच निघाला. मोशीच्या पुढे, वळणाऱ्या एका कंटेनरपाशी, गेला. कंपनीत आम्हाला नऊ वाजता कळलं. त्याविषयी मी जास्त लिहीत नाही. त्याच्या मुलीला आता सगळं वाचता येतं.

गावाकडचे दिवस उरकून रेणुका परत आली. मुलीची शाळा इथे होती. आम्ही नवरा-बायको बसायला गेलो तेव्हा तिच्या घरात दहा-बारा माणसं होती. थोड्या वेळाने आक्का आल्या, गुडघ्यांवर हात ठेवत, दोन मजले चढून. खाली बसल्या. रेणुकाने त्यांना विचारलं, "आक्का, रोज हाक मारत होतात की तुम्ही. त्या दिवशी का नाही मारली?"

मी दाराजवळ उभा होतो. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, जाळीतून माणूस दिसावा तितकंच. मग म्हणाल्या, "चार दिस बरं न्हवतं गं. त्या दिशी डोळा लागला माजा."

चाळीस-पन्नास वर्षं चारला उठणारी बाई, सहा वाजता डोळा लागला म्हणाली, आणि खोलीतल्या एकाही माणसाला शंका आली नाही. ज्याला खरं माहीत होतं तो चपला शोधत होता.

त्यानंतर इमारतीत एकच बोलणं. एरवी सगळ्यांच्या घरात डोकावते, आणि नेमकी तेव्हाच झोपली. ज्यांनी माझ्याकडे तक्रार केली होती ती पोरंही हळहळली. "बिचाऱ्याला एक हाक मिळाली असती तर," असं म्हणाली. रेणुका आक्कांशी बोलेनाशी झाली. गॅलरीखालून जाताना ती सईला दुसऱ्या बाजूला घ्यायची. एकदा जेवताना माझी बायको म्हणाली, "आक्कांना झोप लागावी, आणि तीही त्याच दिवशी, कमाल आहे." मी भात कालवत म्हणालो, "वय झालं त्यांचं." बाकी दिवशी मी नुसता गप्प होतो. त्या दिवशी मी त्या खोट्यात भर घातली.

आमच्या कंपनीत माल नापास झाला की एक कागद भरतात. त्याला सगळे व्हाय-व्हाय म्हणतात. पाच वेळा "का" विचारायचं. भाग वाकडा का आला? साचा ढिला होता. साचा ढिला का? बोल्ट आवळला नव्हता. असं विचारत गेलं की पाचव्या "का"ला खरं कारण सापडतं. नियम एकच, कारणाच्या रकान्यात माणसाचं नाव लिहायचं नाही, पद्धतीचा दोष लिहायचा. हा कागद कसा भरायचा हे नव्या लोकांना मी शिकवतो. बालाजीचा कागद मी मनातल्या मनात किती वेळा भरला असेल! मोटारसायकल का काढली? बस गेली. बस का गेली? कुणी "येतोय" म्हटलं नाही. का नाही म्हटलं? आक्कांची हाक आली नाही. का आली नाही? इथे मी थांबायचो. पर्यायी व्यवस्था पुरेशी नव्हती, असं काहीतरी लिहून कागद बंद करायचो. वरिष्ठांनी पाहिला असता तर सही करून टाकली असती.

आक्कांनी गॅलरी सोडली. सातनंतरही त्या बसेनाशा झाल्या. सुनेने निवडलेली मेथी आणायला सुरुवात केली. पुढच्या दिवाळीच्या आधी एका सकाळी मुलाने त्यांना गाडीत बसवलं. राजगुरुनगरला लेकीकडे निघाल्या होत्या. त्या खेडच म्हणायच्या. "खेडला चालले," म्हणाल्या. गाडी गेटात थांबवून त्यांनी तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. रेणुका गॅलरीत कपडे वाळत घालत होती. ती आत गेली. आक्कांनी काच खाली केलेलीच होती. मी गेटात उभा होतो. मला म्हणाल्या, "शेक्रेटरी, मास्तरांचा पंचा बघत जा."

माझ्या घरातून मास्तरांची गॅलरी दिसत नाही. मी रोज साडेसातला वॉचमनला फोन करून विचारतो. वॉचमनला वाटतं, साहेबांचं डोकं फिरलंय.

कंपनीतल्या लोकांनी खटपट करून रेणुकाला पॅकिंगला घेतलं. ती आमच्याच बसने येऊ लागली. गेटसमोर सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहायची. सईचे केस तिने कापून टाकले होते, कानापर्यंत. माझ्या मागच्या बाकावर बसायची, पण बसण्याआधी प्रत्येक थांब्यावर दारात उभी राहायची, एक पाय पायरीवर. "थांबा मामा. कुणी तरी यायलं असंल." लोक कुरकुरायचे. उशीर झाला की हजेरी कापली जाते. मामा मात्र थांबायचे.

एका सकाळी कासारवाडीला ती अशीच दारात उभी असताना मागून एकजण समजुतीच्या सुरात म्हणाला, "बसा वहिनी. सगळे आले. तेव्हा त्या म्हातारीला झोप लागली नसती तर तुमच्यावर ही वेळच आली नसती."

"तिचं नाव काढू नका," रेणुका म्हणाली.

मी म्हणालो, "आक्का झोपल्या नव्हत्या."

का तेव्हाच बोललो ते मला सांगता येत नाही. आधी दीड वर्ष रोज ठरवत होतो, तेव्हा जमलं नव्हतं. त्या दिवशी ठरवलं नव्हतं. एकदा सुरू झालो आणि नाशिक फाटा येईपर्यंत बोललो. कमिटीचा खोटा निर्णय, फोन करायचं कबूल केलेलं, "सुट्टी असेल." मामा आरशातून माझ्याकडे बघत होते. त्या सकाळचं सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. वळणावर मी मान वळवली होती, ते सांगितलं नाही.

रेणुका जागेवर जाऊन बसली, चाकणला उतरली, कामाला लागली. त्या आठवड्यात भरलेल्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. लोक उभे राहून यायचे.

रविवारी सकाळी ती आमच्या दारात आली, सईला घेऊन.

"खेडला येता का?"

"कशाला?" मी विचारलं. खरंच विचारलं.

"दादा, माझी माफी मागू नका. मला ती नको. जिची मागायची तिची मागा, आणि माझ्यासमोर मागा. मलाबी जायचंय. दीड वर्ष मी त्या बाईच्या तोंडाकडं बघितलं नाही."

माझी बायको आतून ऐकत होती. तिने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "डब्याचंही सांगा तिथं." बसमधलं सगळं तिला त्या आठवड्यात मी सांगितलं होतं, त्या बावीस दिवसांसकट. त्यावर तिने मला फक्त एवढंच विचारलं होतं, की कुत्र्यांना भाजी तिखट लागत नव्हती का.

आम्ही नाशिक फाट्याहून राजगुरुनगरची बस धरली. तिघे एका बाकावर, सई मधे. भोसरी मागे पडल्यावर रेणुकाने डोळे मिटले आणि चाकणचा चौक येईपर्यंत उघडले नाहीत. सई खिडकीतून कंपन्यांच्या पाट्या मोठ्याने वाचत होती.

आक्कांच्या लेकीचं घर एका गल्लीच्या टोकाला आहे. पुढे ओटा. ओट्यावर पाट, पाटावर आक्का, समोर सुपात घेवडा. आम्ही गल्लीत वळलो तेव्हाच त्यांचा आवाज ऐकू आला. घरात लेकीला सांगत होत्या, "तिघं हायेत. एक बाईमाणूस... पोरगी हाय संगं... पोरीचं केस कापल्यात गं... आन् मागं आमचा शेक्रेटरी. चालीवरनंच वळखू येतो, वांग्यातनं वाट काढल्यावानी चालतो."

रेणुका जाऊन त्यांच्या पायाशी बसली. आक्कांनी सईची हनुवटी धरून तिचं डोकं इकडून तिकडून पाहिलं. "कुणी कापलं?"

"आईनं."

"वाढत्याल."

मग रेणुकाने विचारलं, "झोप लागली म्हणून खोटं का सांगितलंत आक्का?"

"तुला राग धराया कुणीतरी पायजे हुतं," आक्का शेंगेची शीर काढत म्हणाल्या. "ह्याच्यावर धरला असतास तर हा तुज्याच जिन्यात. रोज चढता-उतरता समोर. ह्याची बी पोरंबाळं हायेत. मी म्हातारी, माज्यावर धरला तर काय बिघडलं? आन् मला वाटलं, हा सांगंल आठ-पंधरा दिसांत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लई येळ लावलास रं."

मी ओट्याखाली उभा होतो. तिथूनच पुटपुटायला लागलो.

"ऐकू येत न्हाई," आक्का म्हणाल्या. "मोठ्यानं बोल. हळू बोलायचं सकाळी असतं, तूच सांगितलं हुतंस. आता दुपार हाय."

पलीकडच्या ओट्यावर दोन बायका धान्य पाखडत होत्या, त्या थांबल्या. मी त्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो.

"आक्का, कमिटीनं काही ठरवलं नव्हतं. मी ठरवलं. कुत्र्यांना डबा घालताना तुम्ही मला पाहिलं होतं, त्याचा राग होता. तुम्ही झोपला नव्हता. बस थांबवायचं मी कबूल केलं होतं, मी थांबवली नाही. रेणुका, बसमध्ये हे सांगितलं नाही, आता सांगतो. वळणावर मी मागे पाहिलं होतं. बालाजी गेटात आला होता, त्यानं हात वर केला होता. मला दिसला. मी 'थांबा' म्हणालो नाही. माझं चुकलं, आक्का. माझं चुकलं."